नाचायचा परवाना : शिकागोच्या गे डिस्को बारचा आढावा

१ जानेवारी १९६२ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात नवी फौजदारी संहिता लागू झाली आणि प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यांच्या यादीतून गेले. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल यायला २०१८ उजाडलं, म्हणजे कागदावर इलिनॉय आपल्यापेक्षा छप्पन्न वर्षं पुढे. पण याच राज्यातल्या सर्वांत मोठ्या शहरात, शिकागोत, दोन पुरुष बारमध्ये एकमेकांच्या कमरेत हात घालून नाचू लागले तर १९६२ नंतरही धाड पडे, बारचं लायसन धोक्यात येई आणि पकडलेल्यांची नावं पेपरात छापून येत. बंद दाराआड जे चालायला कायद्याची हरकत उरली नव्हती, त्याचा नुसता इशाराही चारचौघांत चालत नव्हता.

त्यामुळे शिकागोतल्या गे डिस्कोंचा इतिहास गाण्यांपेक्षा आधी परवान्यांचा आहे. कोणी कोणाबरोबर, कुठे आणि कोणाच्या मर्जीने नाचायचं? या प्रश्नाचं उत्तर गेल्या साठ वर्षांत चार-पाच वेळा तरी बदललं.

या विषयावर आज लिखाण कमी नाही. सेंट सुकी दे ला क्रॉय यांचं ‘शिकागो व्हिस्पर्स’ १९६९ च्या स्टोनवॉल उठावापूर्वीच्या शिकागोबद्दल बोलतं, टिमोथी स्ट्युअर्ट-विंटर यांचं ‘क्विअर क्लाउट’ समलिंगींच्या राजकीय ताकदीचा माग काढतं, आणि इथेच जन्मलेल्या ‘हाउस’ या नाचाच्या संगीतावर तर पुस्तकं, माहितीपट, मुलाखती यांचा ढीग आहे. अडचण अशी की हे दोन खण एकमेकांत फारसे उघडत नाहीत. संगीतवाल्यांची गोष्ट १९७७ मध्ये ‘वेअरहाउस’ या क्लबच्या दारात सुरू होते. राजकारणवाल्यांची गोष्ट मोर्चे आणि महापालिकेच्या सभागृहातून फिरते, आणि वेअरहाउस लागलं की ते संगीतवाल्यांवर सोपवून पुढे निघते. दोन्ही एकत्र ठेवल्या तरच चित्र पुरं होतं.

धाड आणि हप्ता

समलिंगींची संघटना शिकागोला नवी नव्हती. हेन्री गर्बर या जर्मनीतून आलेल्या टपाल कर्मचाऱ्याने १९२४ मध्येच ‘सोसायटी फॉर ह्युमन राइट्स’ची रीतसर नोंदणी केली होती. वर्षभरातच त्याला अटक झाली, नोकरी गेली आणि संस्था बुडाली. पुढची चाळीस वर्षं भेटायला जागा उरली ती बारची, आणि बार कोणाच्या तरी मेहेरबानीवर चालत.

२५ एप्रिल १९६४ ची रात्र या काळाचं मासलेवाईक उदाहरण आहे. शहराच्या पश्चिमेला, हद्दीबाहेर असलेल्या ‘फन लाउंज’ या बारवर शेरिफच्या माणसांनी धाड घातली आणि १०९ जणांना पकडलं. त्यांत शिक्षक होते. वर्तमानपत्रांनी त्यांची नावं आणि कामाची ठिकाणं छापली. खटल्याचा निकाल काय लागतो याला मग काही अर्थ उरला नाही, कारण शिक्षा सकाळच्या अंकातच झाली होती. या घटनेच्या संतापातून पुढच्याच वर्षी ‘मॅटाशिन मिडवेस्ट’ ही संघटना उभी राहिली. अशा धाडींत सापडलेल्यांची वकिली करणाऱ्यांत पर्ल हार्ट हे मोठं नाव. आज शिकागोतल्या समलिंगी इतिहासाच्या ग्रंथालयाला गर्बर आणि हार्ट या दोघांचं मिळून नाव आहे.

धाड ही या व्यवस्थेची एक बाजू. दुसरी बाजू आपल्याला ओळखीची आहे : हप्ता. बारमध्ये गुन्हेगारी टोळ्यांचे हात गुंतलेले, आणि पोलिसांना महिन्याचं पाकीट. रश स्ट्रीटच्या परिसराची हद्द ज्यांच्याकडे होती त्या अठराव्या पोलीस विभागाचा प्रमुख क्लॅरेन्स ब्राश आणि त्याचे डझनाहून अधिक सहकारी १९७३ मध्ये संघराज्याच्या न्यायालयात दोषी ठरले. गुन्हा : बारमालकांकडून ठरावीक दराने खंडणी. हप्ता देणाऱ्या मालकाला आपल्या जागेत नाच नकोच असे, कारण नाच म्हणजे धाडीला निमित्त. म्हणून गिऱ्हाइकांनी प्यावं, ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकावं आणि अंतर राखून उभं राहावं, अशी रीत होती. ज्यूकबॉक्स पुरवण्याच्या धंद्यावरही शिकागोत टोळ्यांचीच पकड होती.

स्त्रियांची तऱ्हा निराळी. विरुद्ध लिंगाचे कपडे घालून रस्त्यावर येऊ नये, असा शिकागोचा नियम १८५१ पासूनचा. त्याच्या आधारे, पँटची चेन बाजूला नसून पुढे आहे एवढ्यावरही बारमधल्या बाईला ताब्यात घेता येई. या नियमाला इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये चाप लावला.

ज्यूकबॉक्स गेला, डीजे आला

न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल या गे बारमध्ये पोलिसांच्या धाडीविरुद्ध झालेला उठाव जून १९६९ चा. त्यानंतर काही महिन्यांतच शिकागो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांभोवती ‘शिकागो गे लिबरेशन’ हा गट जमला. त्यांची पहिली मोठी मागणी लग्नाची नव्हती, नोकरीतल्या हक्कांचीही नव्हती. ती नाचण्याची होती. आज हे हलकंफुलकं वाटेल, पण हिशेब पक्का होता : नाच उघड असतो, तो नाकारता येत नाही, आणि शेकडो लोक एकदम नाचू लागले तर पकडणार कोणाकोणाला? आधी विद्यापीठाच्या आवारात नाच झाले. मग एप्रिल १९७० मध्ये ‘कॉलिसियम’च्या दालनात दोनेक हजार माणसं जमली. रश स्ट्रीटवरच्या ‘नॉर्मंडी’ या बारसमोर निदर्शनं झाली : आमच्या पैशावर बार चालवता, मग आम्हाला नाचू द्या. मालकाला ऐकावं लागलं. २७ जून १९७० ला शहरातला पहिला प्राइड मोर्चा निघाला, न्यूयॉर्कच्या एक दिवस आधी.

‘दुगन्स बिस्ट्रो’ ही शिकागोची पहिली नावाजलेली गे डिस्को उघडली १९७३ मध्ये, ब्राशला शिक्षा झाली त्याच वर्षी. हे दोन्ही योगायोगाने शेजारी आले असं मला वाटत नाही. हप्त्याची साखळी सैल पडल्याशिवाय एवढा मोठा, एवढा उजळ माथ्याने चालणारा धंदा उभा राहणं कठीण होतं. जागा उत्तर डिअरबॉर्न रस्त्यावर ४२० क्रमांकाची. हा भाग तेव्हा गोदामं आणि वाहनतळांचा, संध्याकाळनंतर ओस पडणारा. मालक एडी दुगन यांनी तिथे आरसे, दिवे आणि खरा डान्स फ्लोअर आणला. ‘बिअर्डेड लेडी’ या नावाने ओळखला जाणारा कलावंत तिथलं खास आकर्षण. भरघोस दाढी, अंगावर चमचमता बायकी साज, आणि गर्दीच्या वर उभं राहून नाचणं. दहा वर्षांपूर्वी फन लाउंजमध्ये ज्या गोष्टीने माणसाची नोकरी गेली असती, तीच गोष्ट पाहायला इथे रांग लागत होती आणि त्या रांगेत समलिंगी नसलेली मंडळीही असत.

बदलाचं यंत्र होतं डीजेच्या चौथऱ्यावर. दोन टर्नटेबल, मधे मिक्सर. एका रेकॉर्डचा ठेका संपत आला की दुसरीचा त्याच गतीला आणून आत सोडायचा, मधे खंड नाही. बिस्ट्रोमध्ये लू दिविटो हे काम करत. ज्यूकबॉक्सच्या काळात तीन मिनिटांनी शांतता होई, लोक भानावर येत, इकडेतिकडे बघत. आता रात्र सलग झाली. पाहणारे आणि नाचणारे असा भेदही पुसट झाला, आणि ज्या माणसाला एरवी रस्त्यात खांदे आवळून चालायची सवय होती त्याला तीन-चार तास तरी तो ताण टाकून देता येई.

नाचणारी गर्दी राजकारणातही उतरली. समलिंगींना संरक्षण देणारा फ्लोरिडातला स्थानिक कायदा उलथवून गायिका अनिता ब्रायंट १४ जून १९७७ ला शिकागोत कार्यक्रमाला आली, तेव्हा मेडिना टेंपलबाहेर हजारोंनी निदर्शनं केली. ब्रायंट फ्लोरिडाच्या संत्र्याच्या रसाची जाहिरात करत असे. त्यामुळे गे बारनी तो रस वापरणंच थांबवलं. मेडिना टेंपल बिस्ट्रोपासून चालत काही मिनिटांवर. आदल्या रात्री नाचलेले कितीजण तिथे आले असतील, कोण जाणे. पण आपण इतके आहोत हे त्यांनी आधी डान्स फ्लोअरवरच पाहिलं होतं.

दारातली चाळणी

इथपर्यंतची गोष्ट विजयाची वाटते. ती बहुतांशी गोऱ्या पुरुषांची गोष्ट आहे.

पोलीस दारातून हटले तिथे बारचा स्वतःचा माणूस उभा राहिला. उत्तर शिकागोतल्या कित्येक गे बारमध्ये काळ्या गिऱ्हाइकाकडे एकाऐवजी दोन-तीन ओळखपत्रं मागितली जात, मागून येणारा गोरा मात्र सरळ आत जाई. याला तिथे ‘कार्डिंग’ म्हणत. स्त्रियांनाही असे अनुभव येत. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत याविरुद्ध तक्रारी झाल्या, निदर्शनं झाली. ज्यांनी स्वतः धाडी सोसल्या होत्या त्यांच्याच नव्या जागांत ही चाळणी लागली, हे या इतिहासातलं सर्वांत कडू पान, आणि स्तुतिपर लेखांत ते नेमकं चिकटलेलं राहतं.

खरं तर नाचाची परंपरा काळ्या शिकागोत जुनी होती. दक्षिण भागात आल्फ्रेड फिनी यांनी १९३५ मध्ये सुरू केलेले ‘फिनीज बॉल’ हे स्त्रीवेषातल्या पुरुषांचे नाचसोहळे पुढे अनेक वर्षं हॅलोविनला भरत. ‘एबनी’ आणि ‘जेट’सारखी काळ्या वाचकांची नियतकालिकं त्यांचे फोटो छापत. जेफ्री बुलेवार्डवरचा ‘जेफ्री पब’ साठच्या दशकापासूनचा. तेव्हा ‘१९७० मध्ये शिकागोतले समलिंगी पहिल्यांदा उघडपणे नाचले’ असं कोणी लिहिलं, तर शिकागोच्या कोणत्या अर्ध्याबद्दल ते बोलतात हे आधी विचारावं.

या पार्श्वभूमीवर १९७७ मध्ये दक्षिण जेफरसन रस्त्यावरच्या २०६ क्रमांकाच्या इमारतीत ‘वेअरहाउस’ सुरू झालं. तीन मजल्यांची जुनी औद्योगिक वास्तू. रॉबर्ट विल्यम्स हे न्यूयॉर्कहून आलेले गृहस्थ त्याचे चालक. त्यांनी आधी न्यूयॉर्कचा डीजे लॅरी लेव्हानला विचारलं, तो आला नाही. मग त्याचाच मित्र फ्रँकी नकल्स आला. जमणारे बहुतेक काळे आणि लॅटिनो समलिंगी तरुण. दारू विकायची नाही, फळांचे रस द्यायचे. त्यामुळे दारूच्या परवान्याची टांगती तलवार गेली आणि बार बंद व्हायच्या वेळेचं बंधनही. शनिवारी रात्री सुरू झालेला नाच रविवारी उजाडल्यावरही चाले.

नकल्सची करामत ऐकण्यासारखी होती. रेकॉर्डमधला आवडता तुकडा तो टेपवर घेऊन लांबवायचा, खालून वेगळा ठेका सरकवायचा. कधी सगळे दिवे घालवून काळोखात धडधडत येणाऱ्या आगगाडीचा आवाज सोडायचा, इतका मोठा की गाडी भिंत फोडून आत येतेय असं वाटावं. तिथे वाजणाऱ्या संगीताला पुढे ‘हाउस’ म्हणू लागले. नाव कसं पडलं याच्या दोन कथा आहेत. एक अशी की ‘इंपोर्ट्स एटसेट्रा’ या रेकॉर्डच्या दुकानात ‘वेअरहाउसमध्ये ऐकलेलं’ अशी चिठ्ठी लावून माल ठेवत आणि चिठ्ठीतला शब्द आखडत ‘हाउस’वर आला. दुसरी खुद्द नकल्स सांगत : दक्षिण भागातल्या एका बारच्या खिडकीत ‘इथे हाउस म्युझिक वाजतं’ अशी पाटी दिसली, आणि हे काय म्हणून विचारल्यावर सोबतचा म्हणाला, तू वाजवतोस तेच की! दोन्ही कथा त्याच इमारतीच्या पायरीशी येऊन थांबतात.

कोमिस्की पार्कची रात्र

१२ जुलै १९७९. शिकागो व्हाइट सॉक्स आणि डेट्रॉइट टायगर्स यांचे एकाच संध्याकाळी दोन बेसबॉल सामने. डिस्कोची एक रेकॉर्ड आणा आणि ९८ सेंटमध्ये आत या, अशी योजना. कल्पना रॉक रेडिओवरचा निवेदक स्टीव्ह डाल याच्याशी जोडलेली. त्याचं आधीचं रेडिओ स्टेशन डिस्कोकडे वळलं तेव्हा त्याची नोकरी गेली होती. कोमिस्की पार्कमध्ये पन्नास हजारांच्या आसपास माणसं घुसली. पहिल्या सामन्यानंतर डालने लष्करी हेल्मेट घालून रेकॉर्डची पेटी मैदानातच स्फोटाने उडवली. हजारो प्रेक्षक मैदानात उतरले, आगी लावल्या, हिरवळ उखडली. दुसरा सामना खेळलाच गेला नाही, तो डेट्रॉइटला बहाल झाला.

या रात्रीचा अर्थ काय, यावर अजून वाद आहे. डाल आणि त्याचे पाठीराखे म्हणतात, ती रॉकप्रेमी पोरांची गंमत होती, द्वेष वगैरे काही नव्हता. दुसऱ्या बाजूची साक्ष विन्स लॉरेन्सची. हा काळा तरुण त्या रात्री मैदानावर जागा दाखवण्याचं काम करत होता. त्याने पाहिलं की लोकांनी आणलेल्या कित्येक रेकॉर्ड डिस्कोच्या नव्हत्याच, काळ्या गायकांच्या होत्या, एवढंच. माझ्या मते हेतूवर भांडण्यात हशील नाही. डिस्को कोणाचं संगीत आहे हे त्या पोरांना ठाऊक होतं, आणि ‘डिस्को’ या शब्दाआडून जे उघड बोलता येत नव्हतं ते ओरडता आलं.

मात्र त्या रात्री डिस्को मेली, हे सरधोपट वाक्य शिकागोपुरतं खोटं आहे. रेडिओने डिस्को टाकली, रेकॉर्ड कंपन्यांनी हात आखडता घेतला. बिस्ट्रो १९८२ पर्यंत चालू राहिला. वेअरहाउसच्या गर्दीवर तर परिणाम शून्य, ती मुळात रेडिओवर विसंबून नव्हतीच. झालं ते वेगळंच : नव्या डिस्को रेकॉर्ड येणं आटलं, म्हणून डीजेंनी जुन्या कापून-जोडून वापरल्या, मग ठेका देणारी रोलँडची यंत्रं वापरून स्वतःच माल बनवायला सुरुवात केली. १९८४ मध्ये जेसी सॉन्डर्सची ‘ऑन अँड ऑन’ आली. हाउसची पहिली रेकॉर्ड म्हणून तिचं नाव घेतात, आणि तिच्या घडणीत त्याच विन्स लॉरेन्सचा हात होता. नकल्स हाउसला डिस्कोचा सूड म्हणत. दरम्यान १९८२ मध्ये ते वेअरहाउस सोडून स्वतःच्या ‘पॉवर प्लांट’मध्ये गेले होते आणि विल्यम्सनी ‘म्युझिक बॉक्स’ काढून रॉन हार्डी या अधिक वेगवान, अधिक रांगड्या डीजेला बसवलं होतं. जानेवारी १९८७ मध्ये स्टीव्ह ‘सिल्क’ हर्लीची ‘जॅक युअर बॉडी’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. तिथल्या ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की या ठेक्याचं मूळ शिकागोतल्या समलिंगी पोरांच्या एका रसविक्या क्लबात आहे?

बारमधून सभागृहात

ऐंशीच्या दशकात नाचणाऱ्यांतले चेहरे कमी होऊ लागले. एड्सचा तडाखा बसला तेव्हा शिकागोकडे ‘हाउवर्ड ब्राउन’ हे १९७४ पासूनचं समलिंगींचं आरोग्यकेंद्र होतं. गुप्तरोगाच्या तपासण्यांसाठी या केंद्राने आधीपासूनच बार आणि स्नानगृहांत जाऊन काम केलेलं. त्यामुळे बारमध्ये आरोग्याचा संदेश नेणं आणि बारच्या गल्ल्यातून रुग्णांसाठी निधी जमवणं हे नव्याने शिकावं लागलं नाही.

धाडींचा काळ संपला असं ज्यांना वाटत होतं त्यांना सप्टेंबर १९८५ ने जागं केलं. वेल्स रस्त्यावरच्या ‘कॅरोल्स स्पीकइझी’ या डिस्कोवर अमली पदार्थविरोधी पथकाने छापा घातला, आतल्यांना जमिनीवर पालथं झोपवलं आणि त्यांचे फोटो काढले. फन लाउंजला एकवीस वर्षं झाली होती. फरक एवढाच की आता लोक कोर्टात गेले.

या काळातल्या बदलाचा उत्तम नमुना म्हणजे ‘साइडट्रॅक’. आर्ट जॉन्स्टन आणि पेपे पेन्या यांनी १९८२ मध्ये उत्तर हॉलस्टेड रस्त्यावर तो सुरू केला. भिंतीवरच्या पडद्यांवर व्हिडिओ दाखवणारा बार, सोमवारी संगीत नाटकांची गाणी, आणि सगळा बार मिळून म्हणणार. समलिंगींना घर, नोकरी आणि सार्वजनिक जागांत संरक्षण देणारा मानवी हक्कांचा प्रस्ताव १९८६ मध्ये नगरपरिषदेने फेटाळला. तो पुन्हा आणून डिसेंबर १९८८ मध्ये मंजूर करून घेण्यात चौघांचा मोठा वाटा मानतात, त्यांतले एक हे बारमालक जॉन्स्टन. एके काळी पोलिसाला पाकीट देणारा बारमालक आता नगरसेवकांची मतं मोजत होता. या साऱ्या काळाचं मोजमाप मला त्यात दिसतं.

हॉलस्टेडचे खांब

पुढचा इतिहास बराचसा जागेच्या भावाचा आहे. गोदामांचा ओसाड भाग महागला तसे बार उत्तरेला, लेकव्ह्यूमध्ये सरकले. हॉलस्टेडवर पहिला गे बार, ‘लिटल जिम्स’, १९७५ मध्ये आला होता. १९९८ मध्ये महापालिकेने त्या रस्त्यावर इंद्रधनुषी पट्ट्यांचे खांब उभारले आणि समलिंगींची वस्ती म्हणून अधिकृत मान्यता दिली. मान्यतेबरोबर घरभाडीही वाढली. लिटल जिम्स २०२० मध्ये बंद झाला. १९८३ पासून बेलमाँट रस्त्यावर चालणारा, कोणालाही आत घेणारा म्हणून नाव असलेला ‘बर्लिन’ नोव्हेंबर २०२३ मध्ये मिटला, तोही कामगारांनी संघटना करून वेतनासाठी बहिष्काराचं हत्यार उपसल्यानंतर. बायकांचे डान्स बार तर त्याआधीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

गे डिस्को संपल्या त्या स्वीकार वाढल्यामुळे, असं बरेचदा म्हणतात. अर्धं खरं आहे. तरुणांना भेटायला फोन आहे, आणि कुठल्याही बारमध्ये दोन पुरुष नाचू शकतात. पण शिकागोचा अनुभव असंही सांगतो की प्रत्येक टप्प्यावर जागा मिळाली ती स्वस्त, दुर्लक्षित भागात : बिस्ट्रोला गोदामांच्या गल्लीत, वेअरहाउसला जुन्या औद्योगिक इमारतीत. स्वस्त जागा संपली की नवा प्रयोग करायला वाव उरत नाही. आज शिकागोत दुसरं वेअरहाउस निघायचं तर पोलिसांपेक्षा भाडं आड येईल.

२००४ मध्ये जेफरसन रस्त्याच्या त्या भागाला फ्रँकी नकल्स यांचं नाव दिलं गेलं. नकल्स २०१४ मध्ये गेले. जून २०२३ मध्ये २०६ क्रमांकाच्या इमारतीला शहराने वारसास्थळाचा दर्जा दिला, म्हणजे आता ती सहजासहजी पाडता येणार नाही. योग्यच झालं. पण सगळा वारसा संगीताचा ठरवून, तिथे आलेल्यांना आधी कुठल्या दारातून परत पाठवलं होतं हे विसरलं, तर ती इमारत नुसती विटांची उरेल.

हॉलस्टेडवरचे इंद्रधनुषी खांब १९९८ चे. दक्षिणेला जेफ्री बुलेवार्डवरचा जेफ्री पब त्याआधी पंचवीसहून अधिक वर्षं चालू होता. त्या रस्त्यावर असे खांब नाहीत.